मुळ्याच्या पिंपावरून रेशमाखाली

मित्रांनो, माझ्याजवळ बसायचे असेल तर आधी नाकाला रुमाल लावा. मला वाईट वाटणार नाही. मी देवदाराचे एक जुने, गोल झाकण आहे. जपानातल्या इगाच्या खोऱ्यातल्या एका घराच्या मागच्या पडवीत, मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपात माझा मुक्काम असतो. खाली मुळे, डोक्यावर धोंडा आणि अंगभर आंबलेले खारे पाणी. माझ्या मधोमध अंगठा जाईल एवढे एक भोक आहे. या भोकातून महिनाभर रेशीम जात होते, असे सांगितले तर तुम्ही हसाल. खुशाल हसा, पण गोष्ट पुरी ऐका.

पिंपे बांधणाऱ्या कारागिराने मला घडवले, तेव्हा माझ्या अंगाला डोंगरातल्या झाडांचा वास होता. तो मला जेमतेम आठवडाभर लाभला. मग शिगे नावाच्या बाईने मला विकत घेतले, मुळे, मीठ आणि तांदळाचा कोंडा यांच्यावर मला दाबून बसवले आणि वर नदीतला धोंडा ठेवला. तिसऱ्या दिवशी खालून पाणी चढू लागले. कोमट, चिकट, पिवळट पाणी! ते माझ्या रेषारेषांत शिरले. वर पांढरी साय धरली. एक पावसाळी माशी येऊन त्या सायीत मेली आणि दोन महिने माझ्या अंगावर तशीच राहिली. अशी बावीस वर्षे मी काढली. एवढ्या काळात किळस यायची बंद होते, असे लोक म्हणतात. साफ खोटे आहे. माझी किळस दर वर्षी नव्याने मुरत होती.

त्यात मला धरायला मूठ नव्हती. मुळा काढायचा म्हटले की शिगे माझ्या कडेला नखे खुपसायची, उचकटायची आणि ओरडायची, "मेलं, निघ की! नख मोडलं माझं परत!" तिच्या मोडलेल्या नखाचा एक तुकडा माझ्या कडेत अडकून होता. शी! अजून आठवले तरी अंगावर काटा येतो.

शिगेची सून नात्सुए. तिचा नवरा ट्रकवर होता, महिन्यातून चार-पाच दिवस घरी यायचा. नात्सुए नदीपलीकडच्या कोंबड्यांच्या कारखान्यात जायची. तिथे दिवसभर एकच काम, कोंबडीच्या पोटात हात घालून आतडी ओढून काढायची. संध्याकाळी ती पडवीतल्या नळाखाली हात धुवायला बसली की मला पिंपातूनही तो वास कळायचा. आधी साबण, मग मीठ, मग चहाचा चोथा, मग आल्याची साल. तरी जेवताना ती भाताचा वाडगा डाव्या हाताने लांब धरायची, म्हणजे तो हात नाकाशी यायला नको. माझ्यासारख्या आंबलेल्या झाकणालाही त्या हातांची शिसारी यायची. मी हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला याची लाज वाटणार आहे.

आमच्या खोऱ्यात घरोघरी बायका रेशमाचे गोफ विणतात. किमोनोच्या कमरपट्ट्यावर जो गोफ बांधतात, तो. त्यासाठी एक घोडी लागते. वर गोल गुळगुळीत चकती, तिच्या मधोमध भोक, खाली चार पाय. रेशमाचे पदर चकतीवरून चहूबाजूंनी खाली सोडायचे, प्रत्येकाच्या टोकाला वजन बांधायचे आणि ते पदर ठरल्या क्रमाने समोरासमोर फिरवत राहायचे. विणलेला गोफ भोकातून हळूहळू खाली उतरतो. वजने एकमेकांवर आपटतात त्याचा टक् टक् आवाज गल्लीभर येतो. नात्सुए दर रविवारी शेजारच्या कुरातावहिनींकडे बसून, त्यांचे हात बघून बघून हे शिकली होती. तिला एकच गोष्ट हवी होती. गावातल्या रेशमाच्या दुकानाने तिला घरी काम द्यावे आणि कोंबड्यांचा कारखाना सुटावा. पण ज्याच्याकडे स्वतःची घोडी नाही, त्याला दुकान रेशीम देत नसे. आणि सुताराकडची घोडी तिच्या आवाक्याबाहेर होती.

एका सकाळी नात्सुएने मला पिंपातून काढले, धुतले आणि उन्हात ठेवले. मला वाटले, सुटले! मग तिने गिरमिट आणले.

मित्रांनो, पोटात गिरमिट फिरणे म्हणजे काय, ते ज्याचे त्याला कळते. पण खरा अपमान पुढेच होता. कुदळींचे चार मोडके दांडे मला पाय म्हणून लागले. मातीचे, घामट, अडाणी दांडे! खाली संत्र्यांच्या खोक्याची फळी, तिच्यावर छापलेले एक संत्रे अजून हसत होते. वजनांसाठी तिने फोटोवाल्याकडून फिल्मच्या आठ रिकाम्या डब्या आणल्या आणि त्यांत गळाला बांधायचे शिशाचे तुकडे भरले. गोफाला खालून ताण द्यायला एक पिशवी लटकवावी लागते. तिच्याऐवजी तिने कै. सासऱ्यांचा मोजा घेतला, अंगठा वेगळा असलेला, टाचेला ठिगळ लावलेला, आणि त्यात नदीतले गोटे भरले. तो मोजा माझ्या पोटाखाली लोंबू लागला. बावीस वर्षे मुळ्यांवर काढून शेवटी नशिबी मेलेल्या म्हाताऱ्याचा मोजा!

शिगे पडवीत आली आणि जागच्या जागी थांबली.

"हे माझ्या पिंपाचं झाकण आहे का गं?"

"होय, आई."

"आणि त्याला भोक?"

"मधोमध पाडलंय. अगदी मोजून."

"मोजून पाडलंय म्हणे! माझे मुळे काय आता उघडे झोपणार? आणि हा मोजा... अगं, हा यांचा मोजा ना? जिवंतपणी बिचाऱ्यांना बसू दिलं नाहीस, आता मेल्यावरही लटकवून ठेवलंस!"

"त्यांना मी कधी बसू दिलं नाही? तुम्हीच तर त्यांना शेतात पिटाळायच्या!"

शिगे चिडली खरी, पण हसू दाबायला तिला पाठ फिरवावी लागली. जाता जाता म्हणाली, "कर काय करायचं ते. पण त्या वासाचं रेशीम माझ्या दारात आणू नकोस."

सुरुवातीला नात्सुएने सुती दोऱ्यावर हात बसवला. कारखान्यातून आली की हात घासायची, आणि मग माझ्यासमोर गुडघे मोडून बसायची. मी बुटके, तीही बुटकी. माझा एक पाय आखूड होता, म्हणून ती त्याच्याखाली पुठ्ठा सरकवायची. फिल्मच्या डब्या हलक्या होत्या, म्हणून तिची बोटेही हलकी चालू लागली. महिन्याभरात तिची वीण इतकी एकसारखी झाली, की कुरातावहिनी बघून गप्प बसल्या. या वहिनींचे गप्प बसणे फार दुर्मिळ असते. पण एक अडचण होती. माझे लाकूड मऊ. धागा सरकताना कुठे कुठे कुसळ अडकायचे.

तेव्हा शिगे न राहवून म्हणाली, "कोंड्याची पुरचुंडी घास की त्याच्यावर. आपल्या घरातले खांब बघ, जमिनीच्या फळ्या बघ. चाळीस वर्षं कोंड्यानंच चमकवल्यात मी."

आमच्याकडे लाकूड चमकवायचे म्हणजे कोंड्याची पुरचुंडी घासायची, हे लहान पोरालाही ठाऊक असते. नात्सुएने पंधरा दिवस मला कोंड्याने घासले. मी चमकले! धागा माझ्यावरून पाण्यासारखा सरकू लागला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याबद्दल थोडे बरे वाटले. मूर्खपणा होता तो. खांबावर कोणी रेशीम ठेवत नाही, एवढी साधी गोष्ट त्या दोघींच्याही ध्यानात आली नाही.

दुकानाने नमुन्यासाठी पांढरे रेशीम दिले. नात्सुएने जून महिन्यात त्याचा गोफ विणला. त्या महिन्यात आमच्याकडे भिंतीही ओल्या होतात, चपलांना बुरशी येते. त्या दमट हवेत माझ्या अंगातला कोंडा उबला, त्याचे तेल सुटले आणि बावीस वर्षांचे खारे पाणीही त्याच्याबरोबर वर आले. माझ्या भोकाच्या कडेला बारीक किडे वळवळू लागले. मला ते जाणवत होते आणि मला ओरडता येत नव्हते. माझ्यावरून सरकणारा प्रत्येक पदर ते तेल पीत होता.

नात्सुए नमुना घेऊन गेली आणि तासाभरात परत आली. गोफ तिने शिगेसमोर टाकला. पांढऱ्या रेशमावर पिवळट पट्टा उमटला होता.

"काय म्हणाले?" शिगेने विचारले.

"योकोईसाहेबांनी तो नाकाजवळ नेला," नात्सुए म्हणाली. योकोई म्हणजे दुकानातले माल तपासणारे गृहस्थ. "आणि म्हणाले, बाई, हा कमरेला बांधायचा आहे की भाताबरोबर खायचा आहे?"

शिगेने गोफ उचलला आणि हुंगला.

"वीण चांगली आहे म्हणाले. पण घोडी बघितल्याशिवाय रेशीम देणार नाहीत. बुधवारी घरी येणार आहेत. तेव्हा पसंत पडलं नाही तर परत दुकानात येऊ नका म्हणाले." मग ती दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली. "आई, आज कारखान्यात एक नवीन पोरगी आली. सतरा वर्षांची. पहिल्याच कोंबडीला ओकली ती. मुकादम म्हणाला, सवय होईल. मला नऊ वर्षं झाली. मला सवय झालेली नाही."

मित्रांनो, ते ऐकताना माझ्या अंगातली सगळी आंबट हवा गार पडली. सवय होत नाही, हे या घरात आणखी कोणाला तरी माहीत होते!

त्या आठवड्यात तिने मला काचेच्या तुकड्याने खरवडले, राखेच्या पाण्याने धुतले, उन्हात तापवले. किडे गेले, कोंडा गेला, तेलही गेले. खाऱ्या पाण्याचा वास मात्र गेला नाही. तो आता माझ्या हाडांत होता. तरीही तिने माझ्यावर सुती गोफ लावला आणि रोज विणत राहिली.

मंगळवारी कुरातावहिनी आल्या. रुमाल आधीच नाकाला होता.

"नात्सुए, हे तू त्यांना दाखवणार? हा मोजा?"

"माझ्याकडे दुसरं काही नाही, वहिनी."

"माझी घोडी नेऊन ठेव. चेरीच्या लाकडाची आहे, आईच्या काळची. तुझीच आहे म्हणून सांग. हे मुळ्याचं झाकण त्यांनी पाहिलं ना, तर म्हणतील या गल्लीतल्या सगळ्याच बायका असल्या लाकडावर विणतात. माझंही काम बंद पडेल. माझ्यावर मेहेरबानी कर."

नात्सुएने माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे पाहिले आणि मान डोलावली.

बुधवारी सकाळी मला पायांसकट उचलून संडासाच्या बोळात नेऊन ठेवले आणि वर जुना पेपर टाकला. शेजारी फिनेलची बाटली, कुंचा आणि डबक्यावर घोंगावणाऱ्या माश्या. वास म्हणाल तर माझा वासही तिथे सभ्य वाटत होता. पण मला शिसारी आली ती त्या वासाची नाही. माझा वास मला ठाऊक होता, कोंबड्यांचा ठाऊक होता. ज्या लाकडावर बाई शिकली, ते पाहुणा यायच्या आधी संडासाशी लपवायचे, हा प्रकार मला या सगळ्यांहून घाण वाटला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला माणसांची किळस आली.

बोळ आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये कागदी दार होते. सगळे ऐकू येत होते. योकोईसाहेब आले, चहा झाला, हवापाण्याचे बोलणे झाले.

"घोडी छान आहे," ते म्हणाले. "चेरीची दिसते. किती वर्षं झाली यावर विणताय?"

"होय... म्हणजे बरेच दिवस," नात्सुए म्हणाली.

"जरा वीतभर विणून दाखवा."

टक् टक् सुरू झाली, आणि मला लगेच कळले. ती घोडी उंच होती. तिची वजने दुप्पट जड होती. नात्सुएची हलकी बोटे त्या वजनांशी झटत होती. एक टक् लवकर, दुसरी उशिरा. मग एक वजन सुटून फळ्यांवर घरंगळत गेले.

"बाई," योकोईसाहेब शांतपणे म्हणाले, "नमुना तुम्हीच विणला होता ना?"

नात्सुएने घरंगळलेले वजन उचलून ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

"दुसऱ्या कोणाचं काम स्वतःचं म्हणून आणलेलं आमच्या दुकानात चालत नाही. मी निघतो."

तेवढ्यात बोळाचे दार धाडकन उघडले. शिगे! तिने पेपर भिरकावला, मला कवेत घेतले आणि एका पायाने कागदी दार सरकवून बैठकीत शिरली. मोजा तिच्या गुडघ्यावर आपटत होता.

"बसा साहेब, निघू नका. हिची घोडी ही आहे. नाक धरा हवं तर, पण डोळे उघडे ठेवा."

"आई!" नात्सुए कळवळली.

"तू गप्प बस. साहेब, त्या नमुन्याला जे तेल लागलं ना, ते माझ्यामुळं. कोंडा लाव म्हणून मीच सांगितलं हिला. चाळीस वर्षं खांब पुसून अक्कल तेवढीच झाली माझी. हिचा हात बघा, आणि मग काय म्हणायचं ते म्हणा."

योकोईसाहेबांनी खरोखर नाक धरले. दाराआड उभ्या असलेल्या कुरातावहिनींनीही धरले. नात्सुए माझ्यासमोर बसली. आखूड पायाखाली तिने पुठ्ठा सरकवला. तिची बोटे गार पडली होती आणि त्यांना आल्याचा, मिठाचा आणि त्याखाली थोडा कोंबड्यांचा वास येत होता. मित्रांनो, मला त्या वासाची किळस आली नाही; इतके दिवस आली होती, याचीच लाज वाटली. मी फक्त एकच इच्छा केली, की माझे एकही कुसळ आज वर यायला नको.

टक्, टक्, टक्, टक्. वीतभर गोफ माझ्या भोकातून खाली उतरला. योकोईसाहेब वाकले, नाक सोडून दोन्ही हातांनी त्यांनी गोफ धरला, बोटावर वळवून पाहिला, नखाने वीण दाबून पाहिली. मग मोजा हातात घेऊन तोलला.

"या मोज्यात काय आहे?"

"नदीतले गोटे, साहेब."

"वजन बरोबर आहे. मोजा असू दे. पायही असू देत. ही वरची चकती मात्र बदला. या झाकणावर आमचं रेशीम पुन्हा जाणार नाही. चकती बदलली की सोमवारी या आणि माल घेऊन जा." दारात चपला घालताना ते शिगेला म्हणाले, "आजी, लोणचं मात्र चांगलं होत असेल तुमच्याकडं."

"घेऊन जा की एक मुळा," शिगे म्हणाली. त्यांनी नेला.

तर अशी माझी घोडीगिरी संपली. नात्सुएने कोरा लाकडी पाट आणून त्याची चकती केली. त्या अडाणी दांड्यांनी, त्या मोज्याने रेशमाची नोकरी मिळवली आणि मी, ज्याच्यावर ती शिकली, ते तेवढे बाहेर पडले. मला राग आला नव्हता असे म्हणणार नाही. आला होता.

हिवाळ्याच्या तोंडावर लोणच्यासाठी टांगलेले मुळे वाळले. शिगेने मला परत पिंपात बसवायला काढले. तेव्हा ती भोकाकडे बघत थांबली, आत गेली आणि तो नापास झालेला, पिवळा पट्टा पडलेला रेशमाचा गोफ घेऊन आली. तो तिने दुहेरी करून माझ्या भोकातून ओवला आणि खालून जाड गाठ मारली. वर झाली एक मूठ! तिने ती धरून मला उचलून पाहिले. एकही नख लागले नाही.

"बघ, किती सोपं झालं," ती म्हणाली.

नात्सुए हसत पुढे आली आणि मला धरायला तिने हात केला. शिगेने तिच्या हातावर चापट मारली.

"खबरदार! पिंपाजवळ यायचं नाही आता तू. रेशमाचे हात आहेत ते. वास लागला तर तो साहेब परत भाताच्या गप्पा मारेल."

नात्सुएने हात मागे घेतला आणि पाठीशी धरला.

आता माझ्या अंगावर परत पाणी चढते, साय धरते, माश्या मरतात. सगळे पूर्वीइतकेच घाण आहे. आतल्या खोलीतून टक् टक् ऐकू येते. नात्सुए कारखान्यात जात नाही. तिच्या हातांना आता कसलाच वास येत नसेल, पण मला ते नक्की सांगता येत नाही, कारण ते हात मला लावायला मनाई आहे.

मित्रांनो, तुम्ही ज्या गोष्टीवर शिकलात, ती स्वस्त असेल, ओबडधोबड असेल, तिला वास येत असेल. ती वापरून झाल्यावर खुशाल बदला, पण पाहुणे आले म्हणून तिला संडासाशी लपवू नका. एवढीच विनंती आहे. आणि माझी दया करू नका. रोज सकाळी शिगे मुळा काढायला येते आणि तो गोफ धरून मला उचलते. तो गोफ माझ्यापेक्षाही घाण झाला आहे, त्याचा रंग उडाला आहे. पण त्याची वीण नात्सुएच्या बोटांनी घातलेली आहे, आणि ती अजून एका टाक्यातही सुटलेली नाही.